ऑस्ट्रेलियापर्यंत एकटी उडत गेलेली एमी जॉन्सन तासाभराच्या प्रवासात कशी हरवली?

५ जानेवारी १९४१. दुसरं महायुद्ध सुरू होतं. इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ब्लॅकपूलहून सकाळी पावणेबाराच्या सुमारास दोन इंजिनांचं एक विमान उडालं. त्याला जायचं होतं ऑक्सफर्डजवळच्या किडलिंग्टन तळावर. साधारण तासाभराचा प्रवास. विमानात एकच माणूस, वैमानिक.

दुपारचे साडेतीन वाजले तरी विमान किडलिंग्टनला पोहोचलं नव्हतं. ते दिसलं थेट पूर्व किनाऱ्यावर, थेम्स नदी समुद्राला मिळते तिथे. ठरलेल्या जागेपासून जवळपास १६० किलोमीटर लांब. खाली बर्फासारखं थंड पाणी, आणि त्या पाण्याकडे येणारं एक पॅराशूट.

त्या पॅराशूटला लटकलेली बाई कोणी नवशिकी नव्हती. ती होती एमी जॉन्सन. इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया एकटीने विमान नेणारी जगातली पहिली बाई. वाळवंट, पावसाळा आणि समुद्र पार केलेली वैमानिक आपल्याच देशात, तासाभराच्या प्रवासात कशी काय हरवली?

याचं उत्तर शोधायला तिचं सगळं आयुष्य बघावं लागतं. छोटी विमानं उडवणाऱ्या प्रत्येकाला आजही लागू पडेल असं बरंच काही त्यात आहे.

मासळीच्या व्यापाऱ्याची पोरगी

एमीचा जन्म १ जुलै १९०३ चा. गाव हल, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं मोठं बंदर. वडिलांचा मासळीचा धंदा. चार बहिणींमध्ये ही थोरली. शेफील्ड विद्यापीठातून अर्थशास्त्राची पदवी घेतली आणि लंडनमध्ये एका वकिलाच्या ऑफिसात सेक्रेटरी म्हणून लागली. त्याच काळात बरीच वर्षं चाललेलं प्रेमप्रकरण मोडलं. मन रमेना.

१९२८ मध्ये ती लंडनच्या उत्तरेला असलेल्या स्टॅग लेन विमानतळावर पोहोचली. तिथे लंडन एरोप्लेन क्लब होता. ब्रिटनमध्ये १९२५ पासून सरकार अशा हौशी क्लबांना मदत देत होतं, त्यामुळे पगारदार माणसालाही विमान शिकणं जमू लागलं होतं.

या क्लबांचं लाडकं विमान म्हणजे डी हॅविलंड कंपनीचं मॉथ. लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड, एकावर एक दोन पंख आणि पुढेमागे दोन उघड्या बैठका. पंख मागे दुमडले की विमान मोठ्या गॅरेजमध्येही मावायचं. ताशी साधारण १४० किलोमीटरने चालायचं.

एमी काही जन्मजात वैमानिक नव्हती. तिच्या सुरुवातीच्या धड्यांवर शिक्षक खूश नव्हते. त्या काळी शिकाऊ माणूस आठ-दहा तासांच्या सरावानंतर एकटा उडायचा, एमीला सोळा तासांच्या आसपास लागले. विमान उतरवणं हा तिचा कच्चा विषय होता आणि तो पुढेही कच्चाच राहिला.

पण एका बाबतीत ती सगळ्यांच्या पुढे गेली. ऑफिसच्या आधी आणि नंतर ती हँगरमध्ये मेकॅनिक लोकांबरोबर राबायची. इंजिन खोलायचं, साफ करायचं, पुन्हा जोडायचं. सुरुवातीला बाई म्हणून तिला कोणी जवळ करत नव्हतं, पण तिची चिकाटी पाहून मुख्य इंजिनिअर जॅक हम्फ्रीज यांनी तिला शिकवायला घेतलं. १९२९ च्या जुलैमध्ये तिला वैमानिकाचा परवाना मिळाला आणि वर्ष संपता संपता ग्राउंड इंजिनिअरचा. असा परवाना मिळवणारी ती पहिली ब्रिटिश बाई.

शंभर तासांचाही अनुभव नाही आणि थेट ऑस्ट्रेलिया

आता तिच्या डोक्यात ऑस्ट्रेलिया शिरलं होतं. बर्ट हिंक्लर या वैमानिकाने १९२८ मध्ये इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया हे अंतर साडेपंधरा दिवसांत एकट्याने पार केलं होतं. एमीला तो विक्रम मोडायचा होता.

अडचण एकच, अनुभव. तिच्या खात्यात उड्डाणाचे शंभर तासही नव्हते. तोवरचा तिचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे लंडन ते हल, सुमारे अडीचशे किलोमीटर. ऑस्ट्रेलिया होतं जवळपास १८,००० किलोमीटरवर.

पैशांसाठी तिने अनेकांची दारं ठोठावली. शेवटी कॅस्ट्रॉल तेलवाले लॉर्ड वेकफिल्ड आणि तिचे वडील यांनी निम्मा निम्मा खर्च उचलला. ६०० पौंडांना जुनं जिप्सी मॉथ घेतलं. वडिलांच्या धंद्याच्या ट्रेडमार्कवरून त्याचं नाव ठेवलं ‘जेसन’. जादा इंधनाच्या टाक्या बसवल्या. एक जादा पंखा विमानाच्या बाहेरच्या अंगाला बांधून घेतला. ५ मे १९३० ला लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून ती निघाली.

विमानात रेडिओ नव्हता. हवामान पुढे कसं आहे हे सांगणारं कोणी नव्हतं. नकाशा, होकायंत्र आणि खाली दिसणारी जमीन एवढ्यावर सगळी मदार.

पहिला धडा ढगांनी दिला. तुर्कस्तानात टॉरस पर्वत ओलांडायचा होता. वजनदार झालेलं जेसन ढगांच्या वर चढेना. मग ती खिंडीतून, रेल्वेमार्गाच्या आधाराने निघाली. वाटेत ढग आडवा आला, समोरचं दिसेना, आणि बाहेर पडली तेव्हा डोंगराचा कडा अगदी जवळ होता. थोडक्यात वाचली.

पुढे बगदादच्या अलीकडे वाळूचं वादळ लागलं. विमान वर-खाली आपटायला लागलं. तिने सरळ वाळवंटात उतरायचं ठरवलं. सामान चाकांना टेकवून विमान अडवलं, इंजिन झाकलं आणि जवळचं पिस्तूल हातात घेऊन वादळ ओसरेपर्यंत बसून राहिली. दिसेनासं झालं की खाली यायचं आणि थांबायचं. तिच्या आयुष्यातल्या सगळ्यात शहाण्या निर्णयांपैकी हा एक.

१० मे ला ती कराचीला पोहोचली. हिंक्लरपेक्षा दोन दिवस आधी! आतापर्यंत तिच्याकडे फारसं लक्ष न देणारी वर्तमानपत्रं आता तिच्या मागे लागली.

गंमत म्हणजे त्याच मे महिन्यात याच मार्गावर दोन भारतीय पोरंही उडत होती. आगा खान यांनी भारत-इंग्लंड एकट्याने उडणाऱ्या भारतीयाला बक्षीस लावलं होतं. मुंबईत १९२९ मध्ये वैमानिकाचा परवाना मिळवलेले जेआरडी टाटा जिप्सी मॉथ घेऊन कराचीहून निघाले होते, तर अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून कराचीकडे येत होते. शेवटी बक्षीस अस्पींनी जिंकलं. थोडक्यात काय, हौशी क्लबात शिकलेली तरुण मंडळी एवढ्याशा विमानांतून खंड पार करत होती.

झाशीच्या परेड ग्राउंडवर उतरलेलं विमान

कराचीहून एमीला अलाहाबाद गाठायचं होतं. अंतर जवळपास दीड हजार किलोमीटर. इंधन पुरणार होतं, पण वारा समोरून आला.

इथे एक गणित समजून घ्या. विमानाचा वेग हवेच्या तुलनेत असतो, जमिनीच्या नाही. समजा विमान ताशी १४० किलोमीटरने चालतंय, तर दीड हजार किलोमीटरला पावणेअकरा तास लागतील. पण समोरून ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर जमिनीवरचं अंतर ताशी फक्त ११० किलोमीटरने कापलं जाईल. तेच अंतर मग साडेतेरा तासांवर जातं. इंजिन मात्र पहिल्याइतकंच तेल पीत राहतं. आत बसलेल्या माणसाला वेगळं काही जाणवत नाही. विमान नेहमीसारखं चाललेलं असतं, टाकी तेवढी रिकामी होत असते.

एमीचं तेच झालं. इंधन संपत आल्यावर ती झाशीला लष्कराच्या परेड ग्राउंडवर उतरली. जागा अपुरी होती. विमान घसरत इमारतींमध्ये घुसलं आणि पंखाला मार बसला. रातोरात दुरुस्ती करून ती पुढे निघाली. अलाहाबादला इंधन भरलं आणि कलकत्त्याला मुक्काम केला.

खरा दणका रंगूनजवळ बसला. पावसाळा सुरू झाला होता. मुसळधार पावसात तिला उतरायची ठरलेली जागा सापडेना. शेवटी इन्सिन इथल्या सरकारी तांत्रिक शिक्षणसंस्थेच्या खेळाच्या मैदानावर ती उतरली, आणि विमान मैदानाच्या टोकाच्या चरात गेलं. पंख फाटला, चाकांचा सांगाडा मोडला, पंख्याचे तुकडे झाले.

इथे तिचं हँगरमधलं शिक्षण कामी आलं. संस्थेतली मंडळी मदतीला धावली. पंखाला कापड हवं होतं. पहिल्या महायुद्धानंतर उरलेल्या विमानाच्या कापडाचे शर्ट तिथे कोणीतरी शिवलेले होते. ते शर्ट उसवून पंखावर चढवले! बाहेर बांधून आणलेला जादा पंखा बसवला. पण या सगळ्यात दिवस गेले आणि हिंक्लरचा विक्रम हातातून सुटला.

पुढे बँकॉक, सिंगापूर, जावा, तिमोर असं करत, शेवटी सुमारे ८०० किलोमीटरचा समुद्र ओलांडून २४ मे १९३० ला ती ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला उतरली. साडेएकोणीस दिवस लागले. विक्रम नाही झाला, पण सव्वीस वर्षांची पोरगी एकटी इंग्लंडहून आली याचंच जगाला अप्रूप होतं. ब्रिटिश राजाने सीबीई हा सन्मान दिला आणि डेली मेल या वर्तमानपत्राने १०,००० पौंड.

आणि लगेच काही दिवसांत काय झालं? ब्रिस्बेनला हजारो लोक स्वागताला उभे असताना तिचं विमान उतरताना धावपट्टीच्या पुढे गेलं, कुंपणाला धडकलं आणि उलटं झालं. ती वाचली. रात्री तीन-तीन तास झोप, स्वतःच इंजिनाची देखभाल, सत्कार आणि पुन्हा उड्डाण, अशा दमलेल्या अवस्थेत ती उडत होती. पुढच्या प्रवासात तिला दुसऱ्या वैमानिकाच्या विमानात प्रवासी म्हणून बसावं लागलं. तो वैमानिक म्हणजे जिम मॉलिसन. १९३२ मध्ये दोघांनी लग्न केलं.

पुन्हा पुन्हा तेच तीन शत्रू

पुढची काही वर्षं विक्रमांची होती. १९३१ मध्ये हम्फ्रीज यांच्याबरोबर ती टोकियोला गेली, वाटेत एका दिवसात मॉस्को गाठलं. १९३२ मध्ये लंडन ते केप टाउन अंतर ४ दिवस ६ तास ५४ मिनिटांत कापून नवऱ्याचाच विक्रम मोडला.

पण त्याच काळातले तिचे अपघात बघितले तर एक गोष्ट लक्षात येते. यंत्रातल्या बिघाडापेक्षा तिला जास्त वेळा अडवलं ते हवामानाने, इंधनाने आणि थकव्याने.

१९३१ च्या जानेवारीत भर थंडीत ती पेकिंगला निघाली आणि पोलंडमध्येच विमान आदळलं. १९३३ मध्ये ती आणि जिम वेल्सच्या किनाऱ्यावरून न्यूयॉर्कला निघाले. सलग ३९ तास उडून अमेरिका गाठली. न्यूयॉर्क जवळ आलं होतं, पण इंधन संपत आलं होतं आणि दोघं पार दमले होते. ब्रिजपोर्टला अंधारात उतरताना विमान धावपट्टी सोडून गेलं आणि मोडलं. दोघंही जखमी झाले.

१९३४ मध्ये इंग्लंड ते मेलबर्न अशी मोठी शर्यत झाली. एमी आणि जिम कराचीपर्यंत विक्रमी वेळेत आले. पुढे रस्ता चुकून ते जबलपूरला उतरले. तिथे विमानाचं चांगलं इंधन मिळेना म्हणून साधं पेट्रोल भरलं. शर्यतीच्या ताकदवान इंजिनांना ते झेपलं नाही. कसंबसं अलाहाबाद गाठलं आणि शर्यत तिथेच सोडावी लागली.

या तिन्ही गोष्टींच्या मुळाशी एकच सवय आहे: आता एवढं आलोच आहोत, तर पोहोचूच. छोटी विमानं चालवणाऱ्यांसाठी हा विचार इंजिनातल्या बिघाडाइतकाच घातक ठरतो. मुक्काम जवळ दिसायला लागला की माणूस टाकीतलं इंधन, समोरचे ढग आणि स्वतःचा थकवा या तिन्ही गोष्टी जरा कमी मोजायला लागतो.

१९३६ मध्ये तिने केप टाउनचा आणखी एक विक्रम केला. १९३८ मध्ये घटस्फोट झाला. बायकांच्या इंजिनिअरिंग सोसायटीची ती अध्यक्ष झाली, ग्लायडिंगचा नाद लावून घेतला. आणि मग युद्ध आलं.

त्या दिवशी ढगांच्या वर काय झालं?

१९४० मध्ये एमी एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलरी या संघटनेत दाखल झाली. काम होतं कारखान्यातून किंवा एका तळावरून दुसऱ्या तळावर विमानं पोहोचवायचं. लढायचं नाही, फक्त विमान धड पोहोचवायचं. उड्डाणात रेडिओ वापरायचा नाही, ढगांच्या खाली राहायचं, जमीन नजरेआड होऊ द्यायची नाही असा या वैमानिकांचा शिरस्ता होता. हवा खराब असेल तर न उडण्याचा अधिकार वैमानिकालाच होता.

जानेवारी १९४१ मध्ये तिला एअरस्पीड ऑक्सफर्ड जातीचं विमान स्कॉटलंडमधल्या प्रेस्टविकहून किडलिंग्टनला न्यायचं होतं. वाटेत हवा बिघडली म्हणून ४ तारखेला ती ब्लॅकपूलला उतरली आणि रात्री बहिणीकडे राहिली. दुसऱ्या दिवशीही हवा वाईटच होती. कडाक्याची थंडी आणि खाली आलेले ढग. तरी ती निघाली, ढगांच्या वर जाऊन प्रवास करायचा या बेताने.

इथे ढगांचे दोन सापळे समजून घेऊया.

पहिला सापळा ढगाच्या आतला. बाहेर काही दिसेनासं झालं की शरीराचा तोल सांगणारा कान खोटं बोलायला लागतो. विमान हळूहळू एका बाजूला कलत असतं आणि वैमानिकाला वाटतं आपण सरळ आहोत. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात २० वैमानिकांवर प्रयोग झाला. फक्त यंत्रांकडे बघून उडण्याचं प्रशिक्षण त्यांना नव्हतं. बाहेरचं दिसणं बंद केल्यावर विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला. सरासरी वेळ किती? १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटंसुद्धा नाहीत.

दुसरा सापळा ढगांच्या वरचा, आणि तो दिसायला फार सुंदर असतो. वर ऊन, निळं आकाश, खाली पांढरा गालिचा. विमान ताब्यात असतं, पण आपण नेमके कुठे आहोत हे कळत नाही. वारा ढकलत राहतो. आज जीपीएस आणि रेडिओ आहे, एमीकडे त्यातलं काही नव्हतं. ढगांत भोक सापडलं तर खाली उतरता येतं. नाही सापडलं तर आंधळेपणाने खाली यायचं, आणि खाली डोंगर आहे, शहर आहे की समुद्र हे माहीत नसतं. युद्धकाळात शहरांवर तर पोलादी दोरांचे बलून बांधलेले होते.

एमी सुमारे साडेतीन-चार तास हवेत होती. शेवटी विमान सोडून तिने पॅराशूटने उडी मारली. खाली जमीन असेल असं तिला वाटलं असावं. खाली होता समुद्र.

एचएमएस हॅसलमियर या जहाजावरच्या खलाशांनी तिला पाण्यात पाहिलं. दोर फेकले, पण गोठवणाऱ्या पाण्यात तिला ते धरता आले नाहीत. जहाजाचे कप्तान वॉल्टर फ्लेचर यांनी कुणाला तरी वाचवायला स्वतः पाण्यात उडी घेतली. थंडीने त्यांचाही जीव गेला. त्यांना मरणोत्तर अल्बर्ट पदक मिळालं. एमीची बॅग आणि काही कागदपत्रं सापडली. तिचा मृतदेह कधीच मिळाला नाही. ती ३७ वर्षांची होती.

तिच्या मृत्यूवर अजूनही वाद चालतात. ब्रिटिशांच्याच तोफांनी शत्रूचं समजून विमान पाडलं असा दावा १९९९ मध्ये पुढे आला. सिद्ध काहीच झालं नाही. पण कुठलाही दावा खरा धरला तरी एक गोष्ट बदलत नाही. ऑक्सफर्डला निघालेलं विमान थेम्सच्या मुखाशी पोहोचलं होतं, आणि तिथपर्यंत त्याला गोळीने नाही, हवामानाने नेलं होतं.

आजचे हौशी वैमानिक यातून काय घेतात?

आज छोटं विमान शिकायला गेलात तर पहिल्या काही धड्यांतच या गोष्टी कानावर येतात. जमिनीवर असतानाच हद्द ठरवायची: ढग इतक्या उंचीच्या खाली आले किंवा इतक्या अंतरापुढचं दिसेनासं झालं तर मागे फिरायचं. हवेत गेल्यावर हा आकडा बदलायचा नाही. दिवसा उड्डाण करताना पोहोचल्यावरही किमान ३० मिनिटांचं इंधन टाकीत उरेल असा हिशोब करायचा, वाऱ्यासकट. उतरायला दुसरी जागा आधीच ठरवून ठेवायची. उतरताना विमान पुढे जातंय असं वाटलं तर हट्ट न करता वर उचलायचं आणि फेरी मारून पुन्हा यायचं. आणि झोप झाली नसेल तर विमानाकडे जायचंच नाही.

यातली एकही गोष्ट फार हुशारीची नाही. सगळ्या एमीला माहीत होत्या. बगदादजवळच्या वाळवंटात तिने त्या पाळल्याही होत्या, तेव्हा तिच्याकडे शंभर तासांचाही अनुभव नव्हता. ब्लॅकपूलला मात्र बारा वर्षांचा अनुभव होता. पुष्कळदा वाचलेल्या माणसाला याही वेळी वाचू असं वाटणं साहजिक आहे. अनुभव वाढला की धोका कमी होतो हे खरं, पण धोक्याची भीती त्याहून जास्त वेगाने कमी होते.

तिचं जेसन आजही लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. या लाकडी-कापडी खेळण्यातून कोणी ऑस्ट्रेलियाला गेलं यावर बघणाऱ्याचा विश्वास बसत नाही. तो पराक्रम मोठाच होता. पण विमान शिकणाऱ्याने त्या पराक्रमासोबत ब्लॅकपूलची सकाळही लक्षात ठेवावी. हवा खराब होती, न उडण्याचा अधिकार तिच्या हातात होता आणि बहिणीचं घर त्याच गावात होतं. किडलिंग्टनला विमान एक दिवस उशिरा पोहोचलं असतं तर काही बिघडणार नव्हतं.